खंड्याच्या गळ्यात कोणता बिल्ला घालावा?

वाचकाचं पत्र:

आमच्याकडे चार वर्षांचा गावठी कुत्रा आहे, खंड्या. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडला, तेव्हापासून घरचाच झाला. गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी जिन्याखाली कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला आणि खंड्या उघड्या दारातून सुसाट पळाला. तिसऱ्या दिवशी तीनेक किलोमीटरवरच्या एका चहाच्या टपरीजवळ सापडला. टपरीवाल्या दादांनी त्याला दोन दिवस दूध-बिस्किटं घातली होती. ‘पट्टा दिसला, पण बिल्ल्यावरचं काही वाचता येईना. वाटलं, कुणीतरी सोडून दिलाय,’ असं ते म्हणाले. त्याच्या गळ्यात ऑनलाइन मागवलेला पंजाच्या आकाराचा रंगीत टॅग होता. एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला नंबर छापलेला. नंबर कधी पुसला गेला, आमच्या लक्षातच आलं नाही. आता घरात रोज चर्चा चालते. ह्यांना जीपीएस हवा, मुलीला क्यूआर कोड. सासूबाई म्हणतात, कुत्र्याच्या गळ्यात घरचा नंबर अडकवून गावभर फिरवायचं नाही, कुणीही त्रास देईल. एकांनी चिप बसवायला सांगितलं. कुठला टॅग घ्यावा, त्यावर काय लिहावं आणि नंबर कुणाचा घालावा?
– एक वाचक, नाशिक

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य टपरीवाल्या दादांचं आहे. त्यांच्या खिशात फोन होता, मनात माया होती आणि हाताशी दोन दिवस होते. नव्हता तो फक्त वाचता येईल असा नंबर. तो असता तर लक्ष्मीपूजनाच्याच रात्री खंड्या घरी आला असता. म्हणून बिल्ला निवडताना आपल्याला काय आवडतं, खंड्याला काय शोभतं हे बाजूला ठेवा आणि त्या दादांना डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळची वेळ, टपरीवरचा एकच दिवा, समोर भेदरलेलं, अंग चोरणारं जनावर आणि त्याच्या गळ्याशी वाकून बघणारा माणूस, कदाचित चाळिशी ओलांडलेला, चष्मा नसलेला. त्याला चार-पाच सेकंदांत नंबर वाचता आला पाहिजे. तुमच्या पत्रातल्या चारही मतांना मी हीच कसोटी लावणार आहे.

त्याआधी गावठी कुत्र्यांबद्दल थोडं सांगते, कारण लॅब्रेडॉर पाळणाऱ्याला न पडणारा प्रश्न तुमच्यापुढे आहे. लॅब्रेडॉर रस्त्यावर एकटा दिसला की लोक म्हणतात, ‘अरे, कुणाचा तरी हरवलाय.’ खंड्या दिसला की कुणी काहीच म्हणत नाही. तपकिरी रंगाची, टोकदार कानांची, वळलेल्या शेपटीची कुत्री आपल्या प्रत्येक चौकात आहेत. त्यात तो पार्किंगमध्ये सापडलेला. त्याची नसबंदी एखाद्या संस्थेमार्फत झाली असेल तर कानाच्या टोकाशी छोटी खाच असेल. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी झालेल्या भटक्या कुत्र्यांची खूण म्हणून ती खाच पाडली जाते. हेतू चांगलाच, पण घरी आणलेल्या कुत्र्याच्या कानावर ती जन्मभर राहते आणि बघणाऱ्याला सांगत राहते की हा रस्त्यावरचा आहे. पट्ट्याचंही तसंच. रात्री गाड्यांखाली येऊ नयेत म्हणून अनेक संस्था आणि कार्यकर्ते भटक्या कुत्र्यांना चमकणारे पट्टे घालतात. फार चांगलं काम आहे ते, पण त्यामुळे नुसता पट्टा दिसला म्हणजे कुत्रा घरचा, असा अर्थ आता कुणी काढत नाही.

आणखी एक गोष्ट. 7 नोव्हेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, बस स्थानकं, रेल्वे स्थानकं अशा ठिकाणची भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात न्यावीत आणि त्यांना पुन्हा तिथे सोडू नये, असा आदेश दिला. त्या आदेशाबद्दल तुमचं-माझं मत काहीही असो, भेदरलेला कुत्रा आडोसा शोधत एसटी स्टँडवर किंवा दवाखान्याच्या आवारात शिरतो हे खरं आहे. तिथे त्याला गाडीत घालायला आलेल्या माणसाला तो घरचा आहे हे कळण्याचा मार्ग एकच, गळ्यातला बिल्ला. म्हणून खंड्याच्या बिल्ल्याकडे हौस म्हणून बघू नका. त्याच्यासाठी तो गरजेचा आहे, कुठल्याही महागड्या जातीच्या कुत्र्यापेक्षा जास्त.

आता धातूकडे वळू.

तुमचा जुना टॅग छापील होता. प्लास्टिकवर किंवा पत्र्यावर रंगीत छपाई आणि वर पारदर्शक लेप, अशी त्याची बनावट असते. नवा असताना देखणा दिसतो. पण कुत्रा दिवसातून कितीदा मान खाजवतो, फरशीवर लोळतो, पाण्याच्या भांड्यात गळ्यापर्यंत तोंड घालतो ते आठवा. त्यात आपला पावसाळा. लेपाला एकदा तडा गेला की आत पाणी शिरतं आणि शाई विरते. असा टॅग पुन्हा घेऊ नका, कितीही गोड दिसला तरी. नंबर छापलेला नको, कोरलेला हवा.

रंगीत अॅल्युमिनियमचे बिल्ले हलके असतात, म्हणून मांजरांना आणि अगदी चिमुकल्या कुत्र्यांना ठीक. त्यावर लेझरने वरचा रंग काढून अक्षरं उमटवतात. पण धातू मऊ, रंगाचा थर पातळ, त्यामुळे सगळीकडे ओरखडे पडले की अक्षर कुठलं आणि ओरखडा कुठला ते कळत नाही. पितळ मला मनापासून आवडतं. त्यावर खोल कोरता येतं आणि वर्षानुवर्षं वाचता येतं. पण कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक कळकतं, तसा पितळी बिल्लाही घाम आणि पाणी लागून कळकतो आणि गळ्याखालच्या पांढऱ्या केसांवर हिरवट डाग पडतात. महिन्यातून एकदा चिंच किंवा लिंबू लावून घासायची तयारी असेल तर जरूर पितळ घ्या. नसेल तर स्टेनलेस स्टील. तुमच्या घरासाठी मी स्टीलच सुचवते, सव्वा ते दीड मिलिमीटर जाडीचं, कडा घासून गुळगुळीत केलेलं. कोकणात किंवा गोव्यात, खाऱ्या हवेत राहणाऱ्यांनी थोडे पैसे जास्त मोजून 316 प्रतीचं स्टील मागावं. खारेपणात ते साध्या स्टीलपेक्षा चांगलं टिकतं.

दुकानात एक छोटं लोहचुंबक घेऊन जा. बिल्ल्याला ते कडकन चिकटलं तर तो बहुधा लोखंडावर मुलामा दिलेला किंवा हलक्या प्रतीच्या स्टीलचा आहे. मुलामा उडाला की गंज आलाच.

कोरून कुठे घ्यायचं? ऑनलाइन लेझरवाले आहेत, ट्रॉफी आणि नावाच्या पाट्या करणाऱ्यांकडे मशिन असतं. पण मी तुम्हाला नाशिकच्या भांडी बाजारात जायला सांगेन. आपल्याकडे लग्नात, वास्तुशांतीला द्यायच्या भांड्यांवर नाव घालून देणारी माणसं अजून आहेत आणि त्यांचा हात बघण्यासारखा असतो. विजेवर चालणारी ती जाड पेनासारखी मशिन, टोकाशी थरथरणारी टाचणी, आणि काठावर तांब्या तिरका धरून, ओठ मिटून, खालून कागदही न ठेवता सरळ ओळीत ‘सप्रेम भेट’ लिहिणारा माणूस. जवळून पाहिलं तर प्रत्येक अक्षर बारीक बारीक टिपक्यांचं असतं आणि प्रत्येक टिपका धातूत खोल गेलेला असतो. आपल्या आजीच्या डब्यांवरची नावं चाळीस-पन्नास वर्षं रोज राखेनं घासूनही वाचता येतात, ती त्यामुळेच. कोरा स्टीलचा बिल्ला घेऊन अशा दुकानात गेलात तर भांडं विकत घेतलेलं नसतानाही थोड्या पैशांत ते आनंदानं नंबर घालून देतात. ‘कुत्र्यासाठी’ म्हटल्यावर बहुतेकांना कौतुकच वाटतं. त्यांना एवढंच सांगा, ‘दोनदा फिरवा, खोल जाऊ दे.’

लेझरने करून घेणार असाल तरी तेच सांगायचं. स्टीलवर लेझरच्या दोन तऱ्हा असतात. एकात धातूचा रंग फक्त काळा होतो, पृष्ठभाग सपाटच राहतो. दुसऱ्यात धातू खरोखर खणला जातो. पहिली दिसायला सुबक, पण झिजते. तुम्हाला दुसरी हवी. ओळखायची युक्ती सोपी: आकड्यांवरून आडवं नख फिरवा, प्रत्येक रेघेला ते अडखळलं पाहिजे. मग तिथेच भांडी घासायची तारेची घासणी दोन-चार वेळा जोरात फिरवून बघा. दुकानदाराला आधी सांगून करा, म्हणजे त्याला वाईट वाटणार नाही. जे घासणीला टिकलं ते खंड्याला टिकेल.

मापाचं बोलू. दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास 27 मिलिमीटर असतो. खंड्यासारख्या पंधरा-वीस किलोच्या कुत्र्याला त्याहून किंचित मोठा, 30 ते 32 मिलिमीटरचा गोल बिल्ला बरोबर. हाडाचा, पंज्याचा, बदामाचा आकार घेऊ नका. त्या कंगोऱ्यांत लिहायची जागा वाया जाते आणि टोकं जाळीत, दाराच्या फटीत अडकतात. 32 मिलिमीटरच्या गोलात मधल्या ओळीला जेमतेम पंचवीस-सव्वीस मिलिमीटर मिळतात. त्यात दहा आकडे एका ओळीत कोंबले तर एकेका आकड्याच्या वाट्याला अडीच मिलिमीटर येतात, तेही मधली फट धरून. टपरीच्या दिव्याखाली ते कुणाला दिसणार? म्हणून नंबर नेहमी पाच-पाच आकड्यांच्या दोन ओळींत घाला. आकडे चार मिलिमीटर उंच होतात, आणि आपण नंबर सांगतोही पाच-पाच करूनच, त्यामुळे वाचणाऱ्याला फिरवताना सोपं जातं.

आता काय लिहायचं. पुढच्या बाजूला वर ‘घरचा आहे, फोन करा’ एवढं, आणि खाली दोन ओळींत पहिला नंबर. मागच्या बाजूला वर ‘खंड्या’, खाली दोन ओळींत दुसरा नंबर. बस. शब्द देवनागरीत असू द्या, आकडे मात्र फोनच्या कळांवर असतात तसे इंग्रजी. नाशिकमध्ये खंड्या ज्याला सापडेल तो माणूस सिन्नरचा असेल, बिहारचा असेल, नेपाळचा वॉचमन असेल, किंवा केरळचा दुकानदार असेल. इंग्रजी आकडे ह्या सगळ्यांना येतात. ‘घरचा आहे’ हे शब्द मी मुद्दाम सुचवते आहे. कानाची खाच आणि गावठी रूप जे चुकीचं सांगतात, ते हे दोन शब्द खोडून काढतात.

कुत्र्याचं नाव घालू नये, चोराला हाक मारायला सोपं जातं, असं काही जण सांगतात. मला ते पटत नाही. चोर बिस्किटावर कुत्रा नेतो, त्याला नाव लागत नाही. उलट ज्याला खरंच मदत करायची आहे त्यानं ‘खंड्या’ अशी हाक मारली तर घाबरलेलं जनावर कान टवकारतं, दोन पावलं पुढे येतं, आणि माणसालाही धीर येतो. मात्र नाव आणि नंबर यांत जागेवरून ओढाताण झाली तर नाव गाळा. फ्लॅट नंबर, पूर्ण पत्ता, तुमचं आडनाव, यांची गरज नाही. ‘बक्षीस मिळेल’ हेही लिहू नका. ते प्रत्यक्ष भेटीत द्यायचं.

सासूबाईंचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. नंबर उघड्यावर असला की त्रास होऊ शकतो, ही भीती खरी आहे. पण तुमचा नंबर कुरिअरच्या प्रत्येक खोक्यावर, गाडीच्या काचेवर, वॉचमनच्या वहीत आधीच आहे. गळ्यातल्या बिल्ल्यामुळे त्यात फारसा फरक पडत नाही, कारण तो वाचायला आधी खंड्याला जवळ घ्यावं लागतं. त्रास प्रत्यक्षात वेगळ्या वाटेने येतो. कुत्रा हरवल्यावर आपण व्हॉट्सअॅपवर, फेसबुकवर फोटो आणि नंबर टाकतो. मग कुणीतरी फोन करतो: ‘तुमचा कुत्रा माझ्याकडे आहे, गाडीभाड्याला दोन हजार पाठवा.’ अशा वेळी एकच करायचं. व्हिडिओ कॉलवर कुत्रा दाखवा म्हणायचं, आणि कुत्रा हातात आल्याशिवाय रुपयाही पाठवायचा नाही. सासूबाईंना हे समजावून सांगा. आणि तरीही त्यांना अवघड वाटत असेल तर घरातलं जुनं सीमकार्ड फक्त खंड्यासाठी ठेवा. पण ते चालू असलेल्या फोनमध्ये असलं पाहिजे आणि वेळच्या वेळी रिचार्ज झालं पाहिजे, नाहीतर कोरलेला नंबर असून नसल्यासारखा.

दोन नंबर कुणाचे? तुमच्या घरात अनोळखी नंबर कोण उचलतं, हा खरा प्रश्न आहे. ऑफिसात मीटिंगमध्ये फोन बंद ठेवणाऱ्याचा नंबर पहिला नको. पुष्कळ फोनमध्ये अनोळखी नंबर आपोआप गप्प करण्याची सोय चालू असते. ज्यांचे नंबर कोराल त्यांच्या फोनमध्ये ती बंद करा. दुसरा नंबर शक्यतो अशा माणसाचा, जो तुमच्याबरोबर प्रवासाला जात नाही. तुम्ही सगळे गावाला आणि खंड्या शेजाऱ्यांकडे, अशा वेळी हरवला तर रेंज नसलेल्या घाटातले दोन्ही नंबर काय कामाचे? सोसायटीतली एखादी मैत्रीण, किंवा जवळच राहणारी बहीण, त्यांना विचारून त्यांचा नंबर घाला. डॉक्टरांचा दवाखाना रात्री बंद असतो, म्हणून तो नंबर मी टाळते.

मुलीच्या क्यूआर कोडबद्दल. कल्पना चांगली आहे. जुलै 2023 मध्ये मुंबई विमानतळाबाहेरच्या 20 भटक्या कुत्र्यांच्या गळ्यात क्यूआर कोडची ओळखपत्रं घातली होती. स्कॅन केलं की लसीची, नसबंदीची माहिती आणि सांभाळणाऱ्याचा संपर्क कळावा म्हणून. ज्या कुत्र्यांची माहिती सतत बदलते, ती सांभाळणारी माणसं बदलतात, त्यांच्यासाठी ते योग्यच आहे. तुमच्या मुलीला सांगा, खंड्याचं औषध, डॉक्टर, लसीची तारीख हे सगळं त्यात घालता येतं, घर बदललं तर बिल्ला न बदलता माहिती बदलता येते. पण तो कोड वाचायला स्मार्टफोन लागतो, नेट लागतं, उजेड लागतो, कुत्रा क्षणभर स्थिर उभा राहावा लागतो, आणि मुख्य म्हणजे अनोळखी कोड स्कॅन करायला माणूस धजावला पाहिजे. स्कॅन केलं आणि खात्यातून पैसे गेले, अशा बातम्या वाचून लोक शहाणे झालेत. शिवाय ज्या कंपनीच्या संकेतस्थळावर ती माहिती आहे ती कंपनी बंद पडली किंवा वर्षाची वर्गणी भरायची राहिली की कोड मुका. म्हणून क्यूआर हवा तर दुसरा छोटा बिल्ला म्हणून घ्या, स्टीलच्या बिल्ल्याऐवजी नको.

जीपीएसबद्दल यजमानांशी बोलताना दोन वेगळ्या वस्तूंची गल्लत होऊ देऊ नका. खरा जीपीएस पट्टा उपग्रहांवरून जागा ओळखतो आणि आतल्या सीमकार्डवरून तुमच्या फोनला कळवतो. त्याला सतत चार्जिंग लागतं, महिन्याचा खर्च असतो आणि मोबाइलची रेंज लागते. दुसरा प्रकार अॅपलच्या एअरटॅगसारखा. 2021 मध्ये आलेली ही गोल चकती बटण सेलवर साधारण वर्षभर चालते, पण तिच्यात जीपीएस नाही. आसपासच्या अॅपलच्या फोनना तिचा ब्लूटूथचा इशारा मिळतो आणि ते तुम्हाला जागा कळवतात. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात अँड्रॉइड फोन. वर्दळीच्या रस्त्यावर ती चकती काम करेलही, पण खंड्या पांडवलेण्याच्या डोंगराकडे किंवा गोदाकाठच्या मळ्यांत शिरला तर ती गप्प बसेल. अँड्रॉइडसाठीही आता अशा चकत्या मिळतात, तत्त्व तेच. दोन कुत्री खेळताना एकमेकांच्या पट्ट्याला चावतात, तेव्हा त्यातला बटण सेल पोटात जाण्याचा धोका आहे. तो गिळला गेला तर अन्ननलिका भाजते, तातडीने डॉक्टरांकडे न्यावं लागतं. घ्यायचंच असेल तर पट्ट्यात शिवून बंद होणाऱ्या मजबूत कप्प्यात घ्या. खर्च परवडत असेल तर दिवाळीपुरता आणि प्रवासापुरता जीपीएस पट्टा उपयोगी आहे, हे मात्र मी मान्य करते. शोधायची दिशा तो देतो. पण बॅटरी संपल्यावर खंड्या ज्याच्यासमोर उभा असेल, त्या माणसाला काही सांगणं ह्या पट्ट्याला जमत नाही.

चिपचा सल्ला देणाऱ्यांचं बरोबर आहे. तांदळाच्या दाण्याएवढी ती चिप डॉक्टर सुईने दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली घालतात. तिच्यात बॅटरी नसते, ती जागा सांगत नाही. वाचकयंत्र जवळ नेलं की पंधरा आकडी क्रमांक दिसतो, आणि तो क्रमांक तुमच्या नावे नोंदवलेला असेल तरच उपयोग. पट्टा तुटून पडला, कुणी मुद्दाम काढून टाकला, कुत्रा कुणाचा यावर वाद झाला, अशा वेळी तिच्यासारखा पुरावा नाही. परदेशी न्यायचं असेल तर अनेक देशांत ती लागतेच. जरूर बसवा. पण टपरीवर वाचकयंत्र नसतं. इंग्लंडमध्ये 6 एप्रिल 2016 पासून कुत्र्यांना चिप सक्तीची आहे, तरीही सार्वजनिक जागी गळपट्ट्यावर मालकाचं नाव-पत्ता असलाच पाहिजे हा 1992 चा नियम त्यांनी तसाच ठेवला आहे. दोन्हींचं काम वेगळं आहे, म्हणून.

महापालिकेचा परवाना काढला नसेल तर तोही काढा. मुंबई-पुण्यासह अनेक शहरांत पाळीव कुत्र्याला परवाना लागतो, त्यासाठी रेबीज लसीचं चालू प्रमाणपत्र लागतं. परवान्याबरोबर बिल्ला मिळाला तर तोही त्याच पट्ट्याला अडकवा. खंड्या तुमचाच आहे हे कागदावर असलं की पुढे कुठल्याही निवाऱ्यातून त्याला सोडवून आणणं सोपं जातं.

आता कडीबद्दल, कारण बिल्ले हरवतात ते बहुधा कडीपायी. बिल्ल्याबरोबर येणारी पातळ कडी टाकून द्या. किल्लीवाल्याकडे स्टीलची दुपदरी, कडक रिंग मिळते. नखाने सहज उघडत असेल तर ती नको. ही रिंग साखळी अडकवायच्या कडीत घालू नका, पट्ट्याला वेगळी अडकवा, म्हणजे साखळीचा हुक तिच्यावर रोज घासणार नाही. बिल्ला खुळखुळतो म्हणून रात्री काढून ठेवणारी घरं मला माहीत आहेत. तुम्हालाही आवाजाचा त्रास होत असेल तर लोंबता बिल्ला सोडून पट्ट्यावर सपाट बसणारी, दोन टोकांना रिबिट मारलेली पट्टी घ्या. लिहायला जागा जास्त मिळते आणि आवाज शून्य. जुन्नर-शिरूरकडे बिबट्याच्या भीतीने शेतावरच्या कुत्र्यांना खिळ्यांचे पट्टे घालतात. त्यांनाही अशी सपाट पट्टीच बरी.

बिल्ला नेहमी गळ्यातल्या पट्ट्याला हवा, छातीभोवती बांधायच्या हार्नेसला नव्हे, कारण घरी आलं की हार्नेस आपण काढून ठेवतो आणि कुत्री पळतात ती घरातूनच. पट्टा आणि मान यांत दोन बोटं सरकली पाहिजेत. जास्त सैल असेल तर घाबरलेला कुत्रा मागे रेटा देऊन मान सोडवून घेतो. आंघोळीनंतर पट्टा वाळत घालता तेव्हा दुसरा तयार ठेवा. त्या दुसऱ्या पट्ट्यासाठी एक सोपा उपाय आहे: शाळेच्या गणवेशावर नाव भरून देणाऱ्याकडून कापडी पट्ट्यावरच ठसठशीत रंगाच्या दोऱ्याने नंबर भरून घ्या. त्याला ना कडी लागते, ना तो पडतो.

दिवाळीच्या आठवड्यात आणि विसर्जनाच्या दिवशी ढोल सुरू व्हायच्या आधी बिल्ला हातात घेऊन वाचा. हे काम मुलीकडे द्या, मुलं अशी जबाबदारी चोख पाळतात. पावसाळा संपला की रिंगही तपासायची. नंबर बदलला तर त्याच आठवड्यात नवा बिल्ला. जुना खोडून त्यावरच लिहायचं नाही.

आणि बिल्ला कोरून झाला की दुकानातच उभं राहून, मोबाइलमधला सेव्ह केलेला नंबर न दाबता, बिल्ल्यावरचा एकेक आकडा वाचून फोन लावा. आधी एका बाजूचा, मग दुसऱ्या बाजूचा. एखादा आकडा उलटसुलट झाला असेल तर तो तिथेच कळतो आणि लगेच दुसरा बिल्ला करून घेता येतो.